अक्रोड सेवनाचे आरोग्यविषयक लाभ व धोके : एक अभ्यास

प्रस्तावना

सुकामेवा हा एकेकाळी सणावारी, आजारपणात किंवा बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांसाठी घरात येणारा जिन्नस होता. गेल्या दोन-तीन दशकांत त्याचे स्थान बदलले आहे. रक्तातील कोलेस्टेरॉल, मधुमेह, हृदयविकार व उतारवयातील विस्मरण यांविषयीची चिंता मध्यमवर्गीय कुटुंबांत वाढत गेली आणि त्याबरोबर सुकामेवा, विशेषतः अक्रोड, औषधासारखा खाल्ला जाऊ लागला. रोज सकाळी दोन अक्रोड खाल्ल्यास हृदय सुरक्षित राहते, मुलांची बुद्धी तल्लख होते, रक्तातील चरबी उतरते, अशी विधाने सर्रास केली जातात. या विधानांपैकी काहींना प्रयोगांचा आधार आहे, काहींना तो अंशतः आहे, तर काही केवळ समजुतीवर उभी आहेत. त्यांतील भेद स्पष्ट नसल्यास दोन प्रकारचे नुकसान संभवते. एक म्हणजे महाग पदार्थावर होणारा अनावश्यक खर्च. दुसरे व अधिक गंभीर नुकसान म्हणजे अक्रोडावर विसंबून वैद्यकीय उपचारांकडे होणारे दुर्लक्ष.

भारतातील मृत्यूंच्या कारणांत हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार अग्रस्थानी आहेत. त्यामुळे अक्रोडासारख्या पदार्थाविषयीचा प्रश्न केवळ पाकशास्त्राचा राहत नाही, तो सार्वजनिक आरोग्याचा ठरतो.

उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : १) अक्रोडाच्या पोषणमूल्यांचा परिचय करून देणे. २) हृदय, मधुमेह व मेंदू यांच्या संदर्भातील प्रमुख संशोधनाचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट करणे. ३) अक्रोड सेवनातील धोके सांगणे. ४) महाराष्ट्रातील आहारपद्धतीच्या संदर्भात अक्रोडाचे स्थान निश्चित करणे. लेखासाठी प्रकाशित संशोधन, शासकीय नियम व आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

अक्रोड : वनस्पती व परंपरा

खाण्याच्या अक्रोडाचे शास्त्रीय नाव जुग्लान्स रेजिया असे आहे. हा थंड हवेत वाढणारा मोठा पानझडी वृक्ष आहे. भारतात त्याचे उत्पादन प्रामुख्याने जम्मू-काश्मीरमध्ये होते. हिमाचल प्रदेश व उत्तराखंड या राज्यांतही त्याची लागवड आढळते. पातळ कवचाच्या अक्रोडास बाजारात ‘कागदी अक्रोड’ म्हणतात. देशी उत्पादनाखेरीज कॅलिफोर्निया व चिली येथून आयात झालेला अक्रोडही महाराष्ट्रातील बाजारपेठांत मिळतो. काश्मिरी पंडितांच्या महाशिवरात्रीच्या पूजेत पाण्यात भिजवलेल्या अक्रोडांना प्रसादाचे स्थान आहे.

आयुर्वेदीय ग्रंथांत अक्रोडाचा उल्लेख ‘अक्षोट’ या नावाने येतो. तो बदामासारख्या इतर कवचफळांबरोबर गुरू, स्निग्ध, उष्ण, बलदायक व वातघ्न मानला आहे. त्याच वेळी तो कफ व पित्त वाढविणारा असल्याचेही सांगितले आहे. म्हणजे प्राचीन परंपरेनेही या फळाच्या गुणांबरोबर त्याच्या मर्यादांची नोंद घेतली होती. अलीकडील प्रचारात यातील केवळ पहिला भाग उचलला जातो.

पोषणमूल्ये

अक्रोडाच्या गराचे घटक समजून घेण्यासाठी नेहमीच्या वापरातील इतर तेलयुक्त दाण्यांशी त्याची तुलना उपयुक्त ठरते. पुढील आकडे प्रत्येकी १०० ग्रॅम खाद्यभागाचे असून ते स्थूलमानाने घ्यावयाचे आहेत. वाण, हवामान व साठवण यांनुसार त्यांत फरक पडतो.

तक्ता क्र. १ : तेलयुक्त दाण्यांतील प्रमुख घटक (१०० ग्रॅममध्ये)

| पदार्थ | ऊर्जा (किलोकॅलरी) | प्रथिने (ग्रॅम) | मेद (ग्रॅम) | तंतुमय पदार्थ (ग्रॅम) | अल्फा-लिनोलेनिक आम्ल (ग्रॅम) |
|---|---|---|---|---|---|
| अक्रोड | ६५४ | १५ | ६५ | ७ | ९ |
| बदाम | ५७९ | २१ | ५० | १२ | नगण्य |
| शेंगदाणे | ५६७ | २६ | ४९ | ८ | नगण्य |
| जवस | ५३४ | १८ | ४२ | २७ | २३ |

या तक्त्यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, अक्रोडाच्या वजनाचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग मेदाचा आहे. प्रथिनांच्या बाबतीत शेंगदाणे व बदाम अक्रोडाच्या पुढे आहेत. दुसरी, अक्रोडाचे वेगळेपण त्या मेदाच्या प्रकारात आहे. १०० ग्रॅम अक्रोडातील ६५ ग्रॅम मेदापैकी सुमारे ४७ ग्रॅम मेदाम्ले बहुअसंपृक्त असतात. त्यांत सुमारे ३८ ग्रॅम लिनोलेइक आम्ल (ओमेगा-६) व सुमारे ९ ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल (ओमेगा-३) असते. संपृक्त मेदाम्लांचे प्रमाण ६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कमी असते. बदाम व शेंगदाणे यांत ओमेगा-३ जवळजवळ नसल्याने सुक्यामेव्यात अक्रोडाला विशेष स्थान मिळाले आहे.

तथापि वनस्पतिजन्य ओमेगा-३ आणि मासळीतील ओमेगा-३ ही एकच वस्तू नव्हे. मासळीत मिळणारी ईपीए व डीएचए ही लांब साखळीची मेदाम्ले शरीराला थेट उपयोगी पडतात. अल्फा-लिनोलेनिक आम्लापासून ती तयार करण्याची मानवी शरीराची क्षमता मर्यादित आहे. डीएचएच्या बाबतीत तर ती फारच अल्प असते. म्हणून ‘अक्रोड म्हणजे शाकाहारी मासळी’ हे विधान शास्त्रीयदृष्ट्या टिकत नाही.

मेदाखेरीज अक्रोडात मॅग्नेशियम, तांबे व मँगेनीज ही खनिजे आणि पॉलिफेनॉल वर्गातील संयुगे असतात. ही संयुगे बहुतांशी गराभोवतीच्या पातळ, किंचित कडवट सालीत असतात. त्यांपैकी एलाजिटॅनिन या गटाचे आतड्यातील जिवाणू विघटन करतात व त्यातून युरोलिथिन नावाची संयुगे बनतात. प्रत्येक व्यक्तीच्या आतड्यातील जिवाणू वेगळे असल्याने ही संयुगे सर्वांच्या शरीरात सारख्या प्रमाणात बनत नाहीत. कडवटपणा घालविण्यासाठी साल काढून टाकल्यास या घटकांचा मोठा भाग वाया जातो.

हृदय व रक्तातील कोलेस्टेरॉल

अक्रोडाविषयीच्या आधुनिक संशोधनात १९९३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेला कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठाचा प्रयोग महत्त्वाचा मानला जातो. त्यात १८ निरोगी पुरुषांना प्रत्येकी चार आठवडे दोन प्रकारचे आहार देण्यात आले. दोन्ही आहार कोलेस्टेरॉल कमी करण्याच्या हेतूने आखलेले होते. त्यांपैकी एकात सुमारे २० टक्के ऊर्जा अक्रोडांतून मिळत होती. अक्रोडयुक्त आहाराच्या काळात एलडीएल, म्हणजे अपायकारक समजले जाणारे कोलेस्टेरॉल, दुसऱ्या आहाराच्या तुलनेत सुमारे १६ टक्क्यांनी कमी आढळले.

या प्रयोगाची रचना बारकाईने पाहणे आवश्यक आहे. त्यात अक्रोड नेहमीच्या आहारात वरून घातलेले नव्हते. इतर काही स्निग्ध पदार्थ वगळून त्यांच्या जागी ते देण्यात आले होते आणि एकूण ऊर्जा कायम ठेवली होती. शिवाय अक्रोडाचे प्रमाणही मोठे, दिवसाला ८० ग्रॅमच्या आसपास होते. हे दोन अक्रोडांचे प्रमाण नव्हे.

पुढील काळात अशा अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण झाले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात २६ प्रयोग व १०५९ व्यक्तींचा समावेश होता. त्यात अक्रोडयुक्त आहारामुळे एलडीएलमध्ये इतर आहारांच्या तुलनेत सरासरी सुमारे ५.५ मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर इतकी अधिक घट आढळली. रक्तदाबावर मात्र लक्षणीय परिणाम दिसला नाही. बार्सिलोना व लोमा लिंडा येथे ज्येष्ठ नागरिकांवर झालेल्या दोन वर्षांच्या प्रयोगातही एलडीएलमधील घट ४ मिलिग्रॅमच्या आसपास राहिली. हा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या घटीचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या व्यक्तीचे एलडीएल १६० असेल, तर अक्रोडामुळे ते सरासरीने १५४-१५५ पर्यंत येईल. कोलेस्टेरॉलवरील स्टॅटिन वर्गातील औषधे हेच प्रमाण सामान्यतः ३० ते ५० टक्क्यांनी कमी करतात. यावरून अक्रोडाचा परिणाम खरा असला तरी लहान आहे, हे स्पष्ट होते. निरोगी व्यक्तीच्या आहारात त्याला स्थान असावे, इतका तो निश्चितच मोलाचा आहे. मात्र डॉक्टरांनी दिलेले औषध थांबवून अक्रोडावर विसंबणे धोक्याचे आहे.

कोलेस्टेरॉल हा केवळ मध्यवर्ती निर्देशक असतो. प्रत्यक्ष हृदयविकार टळतो का, हा प्रश्न स्वतंत्र आहे. त्या दृष्टीने स्पेनमधील ‘प्रेडिमेड’ हा प्रयोग महत्त्वाचा आहे. त्यात हृदयविकाराचा धोका असलेल्या ७४४७ व्यक्ती सहभागी होत्या. एका गटाला भूमध्यसागरी आहाराबरोबर रोज ३० ग्रॅम कवचफळे देण्यात आली व त्यांपैकी निम्मे, म्हणजे १५ ग्रॅम, अक्रोड होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेला हा शोधनिबंध काही केंद्रांवरील गटवाटपातील त्रुटींमुळे २०१८ मध्ये मागे घेण्यात आला आणि फेरविश्लेषणासह पुन्हा प्रसिद्ध झाला. फेरविश्लेषणातही कवचफळांच्या गटात हृदयविकार, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू या एकत्रित घटनांचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र हा परिणाम संपूर्ण आहारपद्धतीचा आहे. त्याचे श्रेय एकट्या अक्रोडाला देता येत नाही.

मधुमेह

अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीवर आधारित व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्यातून दोन किंवा अधिक वेळा अक्रोड खाणाऱ्या स्त्रियांमध्ये मधुमेह (प्रकार २) होण्याचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी आढळले. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. नियमित अक्रोड खाणाऱ्या व्यक्तींच्या इतर आहारसवयी, व्यायाम व आर्थिक स्थिती यांतही फरक असू शकतो. संख्याशास्त्रीय पद्धतीने असे फरक वजा केले जातात, तरी सहसंबंध व कार्यकारणभाव यांतील अंतर पूर्णपणे मिटत नाही. नियंत्रित प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात अक्रोडामुळे उपाशीपोटी घेतलेल्या रक्तशर्करेत लक्षणीय घट आढळलेली नाही. म्हणून मधुमेही व्यक्तीने बिस्किटे, फरसाण किंवा मिठाईऐवजी अक्रोड खाणे हितावह म्हणता येईल, परंतु अक्रोड हे साखर उतरविणारे औषध म्हणता येणार नाही.

मेंदू व स्मरणशक्ती

अक्रोडाचा गर मेंदूसारखा दिसतो, म्हणून तो मेंदूस हितकारक, ही समजूत जगाच्या अनेक भागांत आढळते. मराठीत तर ‘मगज’ हा शब्द फळाच्या गरासाठीही वापरला जातो व मेंदूसाठीही. युरोपात मध्ययुगानंतर, वनस्पतीचा आकार ज्या अवयवासारखा असेल त्या अवयवावर ती गुणकारी असते, असा सिद्धान्तच मांडला गेला होता. परंतु आकारातील साम्य हा पुरावा ठरत नाही.

या प्रश्नाची कसोटी वर उल्लेखिलेल्या बार्सिलोना व लोमा लिंडा येथील प्रयोगात लागली. ६३ ते ७९ वर्षे वयाच्या, आकलनशक्ती शाबूत असलेल्या ७०८ व्यक्तींचे दोन गट करून एका गटाला दोन वर्षे रोज सुमारे ३० ते ६० ग्रॅम अक्रोड देण्यात आले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन्ही गटांच्या बौद्धिक चाचण्यांत एकंदरीत फरक आढळला नाही. बार्सिलोनातील सहभागींमध्ये ऱ्हासाचा वेग काहीसा मंद असल्याचे सूचित झाले असले, तरी तो मुख्य निष्कर्ष नसून त्याची स्वतंत्र पडताळणी आवश्यक आहे. परीक्षेच्या काळात मुलांना अक्रोड खाऊ घालण्यात गैर काही नाही. मात्र त्यातून गुणवृद्धीची अपेक्षा बाळगण्यास सबळ आधार नाही.

संशोधनाचे अर्थसाहाय्य व जाहिरात

१९९३ चा प्रयोग व ज्येष्ठ नागरिकांवरील प्रयोग यांना कॅलिफोर्नियातील अक्रोड उत्पादकांच्या आयोगाचे अर्थसाहाय्य होते. केवळ त्यामुळे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत. शेवटच्या प्रयोगात तर मेंदूविषयीचा प्रतिकूल निष्कर्षही प्रसिद्ध करण्यात आला. तरीही कोणत्या पदार्थावर संशोधन होते व कोणत्या पदार्थावर होत नाही, हे बऱ्याच अंशी पैशावर ठरते. जवस वा कारळे यांच्यामागे अशी संपन्न संघटना नाही, ही बाब वाचकांनी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ साली अक्रोडाबाबत मर्यादित दाव्यास परवानगी दिली. दररोज सुमारे ४२ ग्रॅम अक्रोड, कमी संपृक्त मेद व कमी कोलेस्टेरॉलच्या आहाराचा भाग म्हणून व एकूण ऊर्जा न वाढविता खाल्ल्यास हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकेल, असा त्याचा आशय आहे. पुरावा पूरक असला तरी निर्णायक नाही, हेही त्यात नमूद आहे. जाहिरातींत मात्र दाव्याचा उत्तरार्ध उरतो आणि अटी गळून पडतात. २०१० साली याच प्रशासनाने अक्रोड विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीला, तिचे दावे औषधाच्या दाव्यांसारखे असल्याबद्दल ताकीदपत्र पाठविले होते.

अक्रोड सेवनातील धोके

१) ॲलर्जी : अक्रोडातील विशिष्ट प्रथिनांमुळे काही व्यक्तींना ॲलर्जी होते. तोंडात खाज, अंगावर पित्ताच्या गांधी, ओठ वा घसा सुजणे, उलटी व श्वास लागणे ही तिची लक्षणे आहेत. तीव्र स्वरूपात रक्तदाब एकदम उतरून जिवावर बेतू शकते. अशा वेळी घरगुती उपाय न करता तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक असते. ही ॲलर्जी बहुधा आयुष्यभर टिकते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार वेष्टनबंद खाद्यपदार्थांत कवचफळे असल्यास तसा उल्लेख वेष्टनावर करणे बंधनकारक आहे. सुट्या मिठाईच्या बाबतीत ग्राहकाने स्वतः चौकशी करावी लागते.

२) लहान मुलांच्या घशात अडकणे : पाच वर्षांखालील मुलांना अक्रोडाचे अखंड वा मोठे तुकडे देऊ नयेत. तुकडा श्वासनलिकेत गेल्यास गुदमरण्याचा धोका असतो. त्यांना अक्रोडाची पूड खिरीत वा लापशीत घालून देता येते.

३) खवटपणा : ज्या बहुअसंपृक्त मेदाम्लांमुळे अक्रोड गुणकारी ठरतो, तीच हवा, उष्णता व प्रकाश यांच्या संपर्कात लवकर ऑक्सिडीकृत होतात. सोललेला व तुकडे केलेला अक्रोड अधिक वेगाने खवट होतो. महाराष्ट्रातील उन्हाळा व कोकणातील दमट हवा लक्षात घेता सोललेले अक्रोड हवाबंद डब्यात व शीतकपाटात ठेवणे योग्य ठरते. खवट वासाचे अक्रोड भाजून वा गुळात घालून खपविणे आरोग्यास हितकारक नाही.

४) बुरशी व जिवाणू : ओलसर जागी साठविलेल्या अक्रोडावर बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे यकृतास घातक द्रव्य तयार होऊ शकते. सर्वसाधारण भाजण्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. काळपट, आक्रसलेला वा बुरशीचा वास येणारा गर टाकून द्यावा. २०११ मध्ये कॅनडात व २०२४ मध्ये अमेरिकेत ई. कोलाय जिवाणूंच्या संसर्गाचा उद्रेक अक्रोडांशी निगडित असल्याचे आढळले होते. तेव्हा कोरडा पदार्थ म्हणजे निर्जंतुक पदार्थ, असे समजता येत नाही.

५) अतिरिक्त ऊर्जा : ३० ग्रॅम अक्रोडात सुमारे १९५ किलोकॅलरी असतात. अमेरिकेच्या कृषी विभागातील संशोधकांना असे आढळले, की चावलेल्या अक्रोडातील सर्व मेद शरीरात शोषला जात नाही व प्रत्यक्ष मिळणारी ऊर्जा सुमारे २१ टक्क्यांनी कमी असते. म्हणजे ३० ग्रॅममागे सुमारे १५५ किलोकॅलरी मिळतात. अक्रोडाने पोट भरल्याची भावना होऊन इतर खाणे आपोआप घटते, असेही काही प्रयोगांत दिसले आहे. तरीही साखर, तूप, चॉकलेट यांच्या जोडीने, लाडू, हलवा वा फज या रूपांत अक्रोड खाल्ल्यास हा हिशेब पूर्णपणे बदलतो.

६) विशिष्ट रुग्ण : मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन विकारात पोटॅशियम व फॉस्फरस यांवर, तर ऑक्झलेटच्या मुतखड्यात ऑक्झलेटयुक्त पदार्थांवर मर्यादा घालावी लागते. अशा रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्यानेच प्रमाण ठरवावे.

महाराष्ट्रातील आहाराच्या संदर्भात

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, २००० किलोकॅलरीच्या आदर्श ताटात कवचफळे व तेलबिया मिळून ३५ ग्रॅमचा समावेश केला आहे. ही जागा एकट्या अक्रोडाची नाही. मराठी स्वयंपाकात शेंगदाण्याचे कूट, तीळ, खोबरे, कारळे व जवस यांच्या रूपाने तिचा काही भाग आधीच व्यापलेला असतो. ज्या घरात रोजच्या भाजी-आमटीत दाण्याचे कूट सढळ हाताने पडते, तेथे त्यावर मूठभर अक्रोड म्हणजे मेदावर मेद ठरतो.

ओमेगा-३ हाच हेतू असेल, तर विदर्भ व मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाणारी जवसाची चटणी हा सहज उपलब्ध पर्याय आहे. तक्ता क्र. १ नुसार १० ग्रॅम जवसातून सुमारे २.३ ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळते. तेवढ्यासाठी सुमारे २५ ग्रॅम अक्रोड लागतात व त्यांची किंमत कितीतरी अधिक पडते. अखंड जवस न पचता बाहेर पडण्याची शक्यता असते. चटणीत तो भाजून कुटला जात असल्याने ही अडचण दूर होते. अक्रोड न परवडणाऱ्या कुटुंबाने आपला आहार सदोष असल्याचे मानण्याचे कारण नाही.

अक्रोड भिजवून खाण्याची प्रथाही सर्वत्र आहे. भिजविल्याने तो मऊ व कमी तुरट लागतो. मात्र भिजविल्यामुळे फायटेट लक्षणीय प्रमाणात घटून खनिजे अधिक मिळतात, या समजुतीला प्रयोगांचा आधार अल्प आहे. भिजविलेले अक्रोड लवकर खराब होत असल्याने ते त्याच दिवशी संपवावेत.

निष्कर्ष

१) अक्रोडयुक्त आहारामुळे एलडीएल कोलेस्टेरॉलमध्ये होणारी घट प्रयोगसिद्ध असली तरी अल्प आहे. ती औषधाची जागा घेऊ शकत नाही.

२) हा लाभ प्रामुख्याने अदलाबदलीचा आहे. तळलेले, गोड वा संपृक्त मेदाचे पदार्थ कमी करून त्यांच्या जागी अक्रोड आल्यास तो मिळतो. नेहमीच्या आहारात केवळ भर घातल्यास तो मिळेलच, असे म्हणता येत नाही.

३) स्मरणशक्तीविषयीचे दावे मोठ्या प्रयोगात सिद्ध झालेले नाहीत. मधुमेहाविषयीचा पुरावा मुख्यत्वे निरीक्षणात्मक आहे.

४) बहुतेक निरोगी प्रौढांना दिवसाला मूठभर, म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास अक्रोड सुरक्षित आहेत. ॲलर्जी असलेल्या व्यक्ती, लहान मुले व मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्या बाबतीत विशेष दक्षता आवश्यक आहे.

५) साठवणुकीकडे दुर्लक्ष झाल्यास हाच पदार्थ अपायकारक ठरू शकतो.

महाविद्यालयांतून आरोग्यविषयक व्याख्याने, प्रदर्शने व पाककृती स्पर्धा नियमितपणे होतात. अशा प्रसंगी एखाद्या पदार्थाचे गुण सांगताना तो किती खावयाचा, कशाऐवजी खावयाचा व कोणी टाळावयाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे देणे अगत्याचे आहे. विद्यार्थ्यांनी हे प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतल्यास अक्रोडाच्याच नव्हे, तर पुढे येणाऱ्या प्रत्येक आरोग्यदायी पदार्थाच्या दाव्याची पारख करणे त्यांना शक्य होईल.